वडिलांचा व्यवसाय

२ जून

ती. ताईस,

दोन्हीकडून होकार आला. आधी तेच सांगून टाकतो, नाहीतर तू पानं उलटून शेवट शोधत बसशील. मुंगीला त्या मोठ्या खाजगी वास्तुकला कॉलेजातही जागा मिळाली आणि सरकारी विद्यापीठातही. दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली. पोस्टमन म्हणाला, घरात कोणाचं लग्न ठरलं की काय.

आनंदाची बातमी आहे, नाही कुठे म्हणतोय. पण त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागलाय. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये, सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, धंदाच तो. पण तिथे निदान दोर कुठे आहे ते दिसतं.

खाजगी कॉलेजची एका वर्षाची फी म्हणजे माझा वर्षाचा पगार आणि वर दोन महिन्यांचा. अशी पाच वर्षं. विद्यापीठात पाच वर्षांत मिळून जेवढं लागेल, तेवढं तिकडच्या पहिल्या हप्त्यातच जातं. हप्ता चोवीस तारखेला, सोमवारी भरायचा, आणि एकदा भरला की परत मिळत नाही. विद्यापीठाची मुदत अठ्ठावीसची, शुक्रवारपर्यंत. म्हणजे जे काही ठरवायचं ते बावीस दिवसांत.

मुंगीला कुठलं हवं ते तुलाही माहीत आहे. अकराव्या वर्षी तिने त्या कॉलेजचं माहितीपुस्तक कुठून तरी मिळवलं होतं, ते अजून पलंगाच्या वर भिंतीला चिकटवलेलं आहे. रविवारच्या कामाला मी तिला बरोबर न्यायचो तेव्हा मी वर मशीन रूममध्ये आणि ती खाली जिन्यावर बसून जिनाच काढत असायची. आता मात्र विचारलं की म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा." बस. ताकास तूर लागू देत नाही. पूर्वी एवढं तोंड चालायचं पोरीचं.

तिची आई सरळ आहे. दिवसभर शाळांचे युनिफॉर्म कापते, कापड किती आणि माप किती एवढंच बघायची सवय. ती म्हणाली, नाकापेक्षा मोती जड होतोय, विद्यापीठात घाला. आणि विषय संपवून भांडी घासायला गेली. माझा काही संपत नाही.

मी ठरवलंय की दोन्ही ठिकाणच्या लिफ्ट बघून यायच्या. हसू नकोस. माणसं गोड बोलतात, माहितीपुस्तकं तर त्याहून गोड. पण कोणी बघत नाही ती मशीन रूमसुद्धा जी संस्था नीट ठेवते, ती मुलांनाही नीट ठेवणार. मला दुसरं काही तपासता येत नाही, हे येतं.

तुझं मत लगेच कळव. फोन करू नकोस. तुला ऐकू येत नाही, मग तू ओरडतेस, मग मी ओरडतो, आणि शेजारी समजतात इस्टेटीवरून चाललंय.

तुझा,
बारक्या

६ जून

बारक्या,

पत्र मिळालं. मुंगीला सांग, आत्याने धुलाई विभागात सगळ्यांना ओरडून बातमी दिली. तिथे ओरडल्याशिवाय ऐकू येतच नाही, मशीनं चालू असतात, त्यामुळे दोन मजले वरच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचली असणार.

आता तुझं. अरे शहाण्या, मुलीला शिकायला पाठवतोयस की लिफ्टमध्ये राहायला? उद्या तिच्यासाठी मुलगा बघायला गेलास तर त्याच्या घरचा पंखा उघडून बघशील. मी रोज इस्पितळाच्या सहाशे चादरी धुऊन वर पाठवते. खाटेवर पडलेल्या माणसाला चादर पांढरी दिसते, म्हणून तिथला डॉक्टर चांगला ठरत नाही.

बरं, बघायचंच असेल तर बघून ये. तुझा स्वभाव मला माहीत आहे, लहानपणी दार लागलंय की नाही बघायला तीनदा उठायचास. पण मला खटकतंय ते वेगळंच. सहा वर्षं ज्या पोरीने भिंतीवर एकच चित्र ठेवलं, तिला ते मिळालं आणि ती गप्प? हे फीमुळे नाही. फीची काळजी असलेली मुलगी तुझ्याशी वाद घालेल, हट्ट करेल, रडेल. गप्प बसणार नाही. तिला विचार. कॉलेज कुठलं ते विचारू नकोस, झालंय काय ते विचार.

माझं मत मागितलंस म्हणून लिहिते. वहिनी बरोबर बोलतेय. तरीही मुंगीचा चेहरा बघितल्याशिवाय माझं मत पक्कं धरू नकोस.

ताई

१० जून

ती. ताईस,

बघून आलो दोन्ही. सुट्टीच्या दिवशीच गेलो, पण युनिफॉर्म घालून. खिशावर कंपनीचं नाव असलं की कोणी कुठे अडवत नाही.

विद्यापीठात आधी गेलो. वास्तुकलेची इमारत पाच मजली. लिफ्टला पाटी, 'बंद आहे'. कागद पिवळा पडलाय. लिफ्टमन बाजूला स्टुलावर बसून पेपर वाचत होता. कधीपासून बंद आहे विचारलं तर म्हणाला, "आठ महिने झाले असतील, तुम्ही दुरुस्तीला आलात का?" मी म्हटलं नाही. तो म्हणाला, "मग बसा." मशीन रूमला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. पाच मजले चढून मी परत उतरलो.

मग तिकडे गेलो. ताई, काय सांगू. मशीन रूमची फरशी पुसलेली. नोंदवहीत दर पंधरवड्याची सही, एकही चुकलेली नाही. दोर झिजले की तांबूस भुकटी सुटते, तिचा कण नाही. ब्रेक नवा. तेलाच्या डब्यावर चिठ्ठी लावून तारीख लिहिलेली. मी तिथे उभा राहिलो आणि मला रडायला आलं. कॉलेज वाईट निघालं असतं तर सुटलो असतो ना मी. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

बाहेर पडताना वॉचमनला सांगून आलो, माझी मुलगी येणार आहे इथे, नाव लक्षात ठेव. त्याने माझ्या शर्टावरचं नाव वाचून सलाम ठोकला.

आणखी एक. तिथल्या फलकावर एक जुनी सूचना होती. इमारतीच्या कामावर असलेल्या माणसांच्या मुलांना अर्धी फी माफ. गवंडी, सुतार, वायरमन, आणि चक्क लिफ्टवाले. मी ती दोनदा वाचली. अर्धी म्हणजे फंडातून आणि तिच्या आईच्या बचतीतून जमण्यासारखी आहे. जेवताना मुंगीला विचारलं. ती म्हणाली, "ते आपल्यासाठी नाही बाबा, त्याची मुदत गेली." मुंगी बारीक अक्षरं सोडत नाही, गेली असणार. मलाच आधी माहीत असतं तर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण मी तिथे जाऊन आलो हे ऐकून तिला इतका आनंद झाला की घास अडकला. पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. मग तीनदा विचारलं, कुठल्या कपड्यांत गेला होतात, कोणाशी बोललात. कपड्यांचं फार बघते ती, नीटनेटकी आहे आईसारखी. मी म्हटलं, काळजी नको, इस्त्रीचा होता.

तर ठरलं. पूर्ण फी. फंडातून पैसे काढायचा अर्ज आज दिला. सोमवारी चोवीसला चेक नेऊन देणार. मुंगीला सांगितलं तर म्हणाली, "बरं." तिची आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, त्यामुळे घरात आता बोलणारा मी एकटाच उरलोय. जे ठरवलं त्यात काही चुकतंय असं सारखं वाटतं. सगळं घट्ट केलं, पुन्हा तपासलं, तरी कुठेतरी एक नट राहिला असं. लगेच लिही.

बारक्या

१४ जून

मुंगी,

हे पत्र तुझ्या एकटीच्या नावावर आहे. तुमच्या घरी दुसऱ्याचं पाकीट कोणी फोडत नाही, हा तुझ्या आईचा नियम मला आवडतो.

तुझ्या बाबांचं पत्र मी दोनदा वाचलं. तो लिहितो की आनंदाने तुझा घास अडकला. मी पंचावन्न वर्षांची आहे, आनंदाने घास अडकलेलं माणूस अजून पाहिलं नाही. आणि तो कुठल्या कपड्यांत गेला होता हे तू तीनदा का विचारलंस?

काय केलंयस ते मला लिही. जे असेल ते. मी ओरडणार नाही. ओरडले तरी कागदावर ऐकू येत नाही.

आत्या

१७ जून

आत्या,

तू विचारलंस म्हणून लिहितेय. कोणीतरी विचारावं असं किती दिवस वाटत होतं, आणि कोणी विचारू नये असंही.

फेब्रुवारीत तिकडे मुलाखत होती. आधी एका मोठ्या खोलीत बसवून फॉर्म भरायला दिला, तिथल्या तिथे, शाईच्या पेनाने. माझ्या एका बाजूला बसलेल्या मुलीचे वडील वास्तुविशारद, आणि आई याच कॉलेजात शिकलेली. दुसऱ्या बाजूच्या मुलाने 'बांधकाम व्यवसाय' लिहिलं आणि खाली तीन कंपन्यांची नावं. मग माझी ओळ आली. वडिलांचा व्यवसाय. ती मुलगी माझ्या कागदाकडे बघत होती. मुद्दाम नसेल, पण बघत होती. मी लिहिलं, 'अभियंता (उद्वाहन)'. लिफ्ट हा शब्दसुद्धा लिहिला नाही, जड शब्द शोधून लिहिला. दोन सेकंद लागली असतील.

मग पान उलटलं. मागे ती अर्ध्या फीची चौकट होती. बाबांनी तुला लिहिलंच असेल. त्यात यादी होती आणि यादीत बाबांचं काम होतं, जसंच्या तसं. खूण करायची तर पहिल्या पानावरचं खोडावं लागलं असतं, त्या मुलीसमोर. मी चौकट रिकामी सोडली. आत्या, मुदतबिदत काही गेली नव्हती. ती मी सोडली.

आणि खरी शरम पुढची आहे. मुलाखतीत मला एक इमारत उभी कापल्यासारखी काढायला सांगितली. मी लिफ्टचा शाफ्ट काढला. वरची मशीन रूम, वजनं, खालचा खड्डा, सगळं. पाच जण उठून माझ्या कागदाभोवती आले. एक बाई म्हणाल्या, "वडील इंजिनीअर आहेत ना, म्हणून एवढी समज." मी मान हलवली. मला जे काही येतं ते बाबांच्या मागे रविवारी हिंडून आलंय. त्याच्याच जोरावर जागा मिळवली, आणि त्यांनाच पुसून टाकलं.

गंमत म्हणजे विद्यापीठाच्या फॉर्मवर मी 'लिफ्ट मेकॅनिक' असं सरळ लिहिलं. विचारसुद्धा केला नाही. तिथे रांगेत माझ्या मागच्या मुलीचे वडील ड्रायव्हर होते. म्हणजे मला बाबांची लाज वाटते असं नाही, असं मी स्वतःला समजावते. लोक बघून वाटते. हे जास्त वाईट आहे का कमी, तू सांग.

आता बाबा युनिफॉर्म घालून तिथे जाऊन आलेत आणि वॉचमनला माझं नाव सांगून आलेत. सोमवारी ते चेक घेऊन जाणार, आणि पूर्ण फी फक्त माझ्यामुळे जाणार. आणि तरी मला ते कॉलेज हवंय आत्या. अजून हवंय. एवढं सगळं करूनही सकाळी उठल्यावर आधी भिंतीवरच्या त्या चित्राकडे नजर जाते.

बाबांना सांगू नकोस. प्लीज.

मुंगी

२० जून

मुंगी,

वाचलं. ओरडत नाही, पण दोन गोष्टी सांगते, त्या ऐक.

मी नोकरीला लागले तेव्हा पांढरा कोट घालून घरी यायचे. गल्लीतल्या बायका मला सिस्टर म्हणायला लागल्या. मी कधी म्हटलं नाही की मी नर्स आहे. नाही असंही म्हटलं नाही. दोन वर्षं मी त्या गल्लीची नर्स होते. लोक मला बसायला खुर्ची द्यायचे, आवडायचं मला. मग एका दुपारी समोरची बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन आली, त्याचे डोळे पांढरे झालेले, आणि म्हणाली, सिस्टर, काहीतरी करा. तेव्हा मला म्हणावं लागलं, बाई, मी चादरी धुते, चला, इस्पितळात पळू. पळालो. पोर वाचलं. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर म्हणणं बंद झालं. आठ दिवस मी मान खाली घालून चालत होते. नवव्या दिवशी एकीने विचारलं, पांढऱ्या साडीवरचा शाईचा डाग कसा जातो. संपलं. त्या गल्लीत अजून मलाच डाग विचारतात.

तेव्हा तू काही जगावेगळं पाप केलेलं नाहीस. पण माझं खोटं मलाच भोवलं, तुझं तुझ्या बापाच्या फंडाला भोवतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुझ्या मुठीला अर्धी फी लागतेय.

दुसरी गोष्ट. मी त्याला सांगणार नाही. पण त्याने मला सरळ विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही. सोमवारच्या आत तू सांग. त्याला वाईट वाटेल. तो दार लागलंय की नाही तीनदा बघणारा माणूस आहे, त्याला हे फार लागेल. तरी चेक जाण्याआधी सांग. चेक गेल्यावर कळलं तर दुप्पट लागेल. कॉलेजचं काय करायचं ते त्यानंतर.

आत्या

२९ जून

ती. ताईस,

झालं सगळं. काल विद्यापीठात पैसे भरले. पावती मिळाली. मुंगी सरकारी विद्यापीठात जाणार.

सोमवारी आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. तिथल्या कार्यालयात फॉर्ममध्ये काही अडचण निघाली. सवलत मिळण्यासारखी नव्हती. मिळाली तरी समितीपुढे जायला वीस दिवस, तोपर्यंत इकडची जागा गेली असती. मी म्हटलं, दोन्हीकडे भरतो, थांब. मुंगीनेच नको म्हटलं. तिने एकटीने ठरवलं आणि त्यानंतर ती रडलीही नाही. घरी येऊन भिंतीवरचं चित्र काढून ठेवलं आणि आईला कपड्यांच्या घड्या करायला मदत केली. तिच्या आईचा माझ्यावरचा राग गेला. सगळं जिथल्या तिथे आहे. मला सुटल्यासारखं वाटायला हवं, पण होत नाहीये.

बाकी ठीक. हल्ली मी युनिफॉर्म कामावरच बदलून येतो, घरी साधा शर्ट घालूनच शिरतो. ग्रीसचा वास घरभर होतो ना. उगाच.

एक विचारायचं होतं. तुला काही माहीत होतं का? नसेल तर सोडून दे.

बारक्या

३ जुलै

बारक्या,

हो, माहीत होतं. वीस तारखेपासून. मी तिला म्हटलं तू सांग, आणि तिने सांगितलं असं तुझ्या पत्रावरून दिसतं. तू मात्र मला अर्धंच लिहिलंस.

तुला लागलंय. लागणारच. सत्तावीस वर्षं लोकांना वर नेऊन खाली आणतोस आणि पोटच्या पोरीने कागदावर तुला दुसरंच कोणी केलं. मला राग आला तिचा, मायाही आली. पण हे दुःख तू गिळून बसू नकोस. तुमच्या घरात अशी दोन माणसं आहेत, दोघंही 'बरं' म्हणून आत जातात. ती ते तुझ्याकडूनच शिकली.

आणि ग्रीसचं मला सांगू नकोस. मी धुलाईवाली आहे. सत्तावीस वर्षांत ज्या वासाचा त्रास झाला नाही तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात कसा सुरू झाला? युनिफॉर्म घालून घरी जा.

ताई

१७ जुलै

आत्या,

बाबांनी तुला चोवीस तारखेच्या त्या सोमवारचं काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण सगळं लिहिलं नसणार, कारण त्यांनी आईलाही सांगितलेलं नाही. म्हणून मी लिहितेय.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी मी त्यांना सांगितलं. ते इस्त्री करत होते. मी सगळं सांगून होईपर्यंत ते एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिले. मग इस्त्री उभी ठेवली, प्लग काढला, काढला की नाही ते दोनदा बघितलं, आणि म्हणाले, "बरं. उद्या जाऊन दुरुस्त करू फॉर्म." बस. एक शब्द जास्त नाही. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी आम्ही गेलो. ठरलं होतं ते असं, की मी अर्ज द्यायचा, चुकून लिहिलं म्हणून, आणि बाबांनी कंपनीचं पत्र दाखवायचं. कार्यालयातल्या बाईंनी माझा फॉर्म काढला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "फॉर्मवर खोटी माहिती दिलेली असली तर जागा रद्द होऊ शकते, कल्पना आहे ना? नक्की काय करतात वडील?"

मी तोंड उघडलं होतं आत्या. शपथ. पण माझ्या आधी बाबा बोलले. म्हणाले, "लिहिलंय ते बरोबर आहे. इंजिनीअर आहे मी. मुलीचा काहीतरी गोंधळ झाला." आणि खिशातून पूर्ण फीचा चेक काढून टेबलावर ठेवला. आधीच सही केलेला. कंपनीचं पत्र त्यांनी बाहेर काढलंच नाही. म्हणजे ते घरून निघतानाच ठरवून आले होते. मी खोटी ठरू नये म्हणून ते स्वतः खोटं बोलायला तयार होऊन आले होते.

तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. नोंदवहीत एक तारीख मागेपुढे लिहा म्हटलं म्हणून एका मालकाचं काम सोडलेला माणूस तो. तो माणूस त्या टेबलापाशी ताठ बसून म्हणतोय, इंजिनीअर आहे मी. आणि त्यांचे कान लाल झाले होते.

मी म्हटलं, "नाहीत. लिफ्ट मेकॅनिक आहेत. मी खोटं लिहिलं होतं." बाबा म्हणाले, "घाबरलीय ती." बाईंनी पेन खाली ठेवलं. वाईट नव्हत्या त्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मी काही ऐकलेलं नाही. चेक देऊन जायचं तर आत्ता जा, जागा तुझी. खरं लिहून द्यायचं तर समितीपुढे जाईल. वीस दिवस लागतील, मी कशाचीच खात्री देत नाही." बाबांनी चेक माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "घे गं. एवढी वर्षं चित्र लावलंयस. मला काय फरक पडतो, लोक मला काय म्हणतात त्याने."

ते खोटं होतं. त्यांना फरक पडत होता. आणि तो चेक घेतला असता तर पाच वर्षं, प्रत्येक वेळी ते मला भेटायला आले की, आम्ही दोघांनी मिळून ते खोटं ओढायचं. ते मला जमलं नसतं. मी कोरा कागद मागितला आणि जागा सोडत असल्याचं लिहून दिलं. मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही. मला तिथे बसवेना, एवढंच. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, तो कागद परत मागून घेऊ, वीस दिवस थांबू, दोन्हीकडे भरतो मी. मी नको म्हटलं. मला ते कॉलेज अजून हवंय, हे तुला खोटं सांगत नाही. विद्यापीठातल्या वर्गात बसले की मनात येतं, आत्ता तिकडे काय चालू असेल. पाच मजले चढताना तर फारच येतं. वर्ग चांगला आहे. आमचे सर वाईट काढलेल्या रेघेवर हसत नाहीत, पुन्हा काढायला लावतात. होईल सवय.

पण मी हे सगळं काल जे झालं ते सांगायला लिहितेय. काल पालकांना बोलावलं होतं. मी बाबांना मुद्दाम म्हटलं, कामावरून सरळ या, युनिफॉर्मवरच या. ते आले सूट घालून. शेजारच्यांकडून मागून आणलेला, बाह्या बोटांपर्यंत. इतर पालक साध्या कपड्यांत, आणि मध्ये बाबा सुटात, घामाघूम. आमचे सर सगळ्यांशी हात मिळवत आमच्यापर्यंत आले. सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "आपण काय करता?"

आणि आत्या, उत्तर देण्याआधी बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

रागाने नाही. टोमणाही नव्हता त्यात. नुसतं विचारत होते. काय सांगू, असं. बावन्न वर्षांचा माणूस स्वतःचं काम सांगायला माझी परवानगी मागत होता.

मी घाईघाईने सांगितलं, लिफ्ट मेकॅनिक आहेत, इतक्या मोठ्याने की दोन जण वळून बघायला लागले. सर म्हणाले वा, आणि पुढे गेले. त्यांच्यासाठी तो प्रश्न संपला. बाबा घरी येईपर्यंत सुटाच्या बाह्या दुमडत होते. मी त्यांना म्हटलं, बाबा, मला माफ करा. ते म्हणाले, कशाबद्दल, झालं गेलं. मी विसरलोसुद्धा. आणि ते खरंच विसरले असतील, त्यांना ठाऊकसुद्धा नसेल की त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण यापुढे कोणीही विचारलं की ते आधी माझ्याकडेच बघणार, मी तिथे नसले तरी. ही सवय मी लावली त्यांना, दोन सेकंदांत. ती कशी सोडवायची ते मला कळत नाही, आणि हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नसणार.

तू चार दिवस रजा काढून ये. मला एकटीला हे जमत नाहीये.

मुंगी